काल्हेरात कुत्रा पाळू इच्छिणाऱ्यांस

कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याहून भिवंडीकडे निघालेल्या मनुष्यास काल्हेर लागते तेव्हा आपण खेड्यात शिरलो की शहरात, हे त्यास चटकन उमगत नाही. कारण खाडीच्या अंगाने वसलेली आगरी लोकांची जुनी घरे, पत्र्याच्या गोदामांच्या लांबच लांब ओळी, रात्रंदिवस धूळ उडवीत जाणारी मालमोटारींची रीघ आणि या सर्वांच्या माथ्यावर अलीकडे उभी राहिलेली बहुमजली गृहसंकुले ही येथे एकाच पट्ट्यात नांदतात. अशा गावी, सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांत किंवा गावठाणातील ओटीवर, ज्या कुटुंबास कुत्रा पाळावयाचा आहे, त्याच्या हाती पडणारी एतद्विषयक माहिती बहुधा थंड हवेच्या देशांतील, अंगण व हिरवळ असलेल्या घरांस उद्देशून लिहिलेली असते. तीत बर्फातून फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे कसे पुसावेत हे सविस्तर सापडते, पण गोदामांतील उंदीर, पावसाळ्यात तुंबणारे पाणी किंवा हळदीच्या रात्री वाजणारा बेंजो यांविषयी अवाक्षर नसते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, कुत्र्याची जात, रंग आणि किंमत यांचा खल करण्यात आपण जो वेळ दवडतो, त्याच्या निम्मा वेळ जरी तो ज्या गावात राहणार त्या गावाचा विचार करण्यात खर्ची घातला, तर पुढील पुष्कळ तसदी वाचेल.

पहिला बंदोबस्त कुत्र्याचा नव्हे, घरातील माणसांचा करावयाचा आहे. मुलांचा आग्रह, वडिलांची नाराजी आणि आईची मूक संमती एवढ्या पायावर आणलेल्या कुत्र्याचा सारा कारभार महिन्याभरात त्या मूक संमती देणारीच्याच अंगावर येऊन पडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून सकाळी त्याला खाली कोण नेईल, घरातील कमावती माणसे ठाणे-मुंबईकडे गेल्यावर तो किती तास एकटा राहील, आजारी पडल्यास रजा कोण घेईल, आणि त्याचा मासिक खर्च कोणाच्या खात्यावर पडेल, या गोष्टी आगाऊ मुक्रर कराव्यात. दोन-तीन महिन्यांचे पिलू तीन-चार तासांहून अधिक काळ लघवी रोखू शकत नाही. तेव्हा ज्या घराला सकाळी आठ ते रात्री आठ कुलूप असते, त्या घराने पिलाचा नाद सोडून एखादा प्रौढ, शांत कुत्रा पाहावा, अथवा निवृत्तीपर्यंत थांबावे.

आता कुत्रा कोणता, या प्रश्नाकडे वळू. सैबेरियातील बर्फावर गाडी ओढण्याकरिता निपजविलेला हस्की किंवा आल्प्सच्या खिंडीतील सेंट बर्नार्ड हे काल्हेरच्या दमट उन्हाळ्यात, वीज गेल्यावर बंद पडणाऱ्या वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर ठेवणे, यास हौस म्हणण्यापेक्षा अविचार म्हणणे अधिक रास्त होय. चपट्या नाकाचा पग दिसावयास कितीही लडिवाळ असला तरी उष्म्यात त्याचा श्वास कोंडतो. सोलापूर-लातूरकडील कारवानी किंवा मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी नावारूपास आणलेला मुधोळ हाउंड हे आपल्या हवेचे खरे. परंतु ते शिकारीसाठी माळरानावर धावणारे जीव असून सदनिकेत ते कोंडले जातात. राहता राहिला गावठी. येथील उष्मा, येथील पाऊस आणि येथील अन्न यांना पिढ्यान् पिढ्या तोंड देऊन टिकलेला, बुद्धीने तल्लख, अंगावरील केस आखूड असल्याने निगा राखावयास सोपा असा हा प्राणी गोदामाच्या दारात पहारेकऱ्याच्या हातची भाकरी खाऊन जगत असता, आपण दूरच्या शहरात जाऊन हजारो रुपये मोजून परदेशी पिलू आणतो, याचे नवल वाटते. तथापि कोणास विकतच घ्यावयाचे असेल तर त्याने एवढी खातरजमा अवश्य करावी की, विक्रेत्याजवळ राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणीपत्र आहे आणि पिलू आठ आठवड्यांहून लहान नाही; श्वानप्रजननविषयक २०१७ च्या नियमांनी या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. आईपासून अकाली तोडलेले पिलू पुढे चावरे आणि भित्रे निघण्याचा संभव अधिक असतो.

गावठी पिलू आणावयाचे तर निसर्गाने त्याचा हंगामही सोयीचा नेमून दिला आहे. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे खेड्यातील पोरासही ठाऊक असते. गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे पिले कार्तिकाच्या सुमारास जन्मतात आणि पौषात ती दूध सोडून घरी नेण्याजोगी होतात. त्या वेळी हवा कोरडी व थंड असते, पिलाला बाहेर शौचास जाण्याची सवय लावताना चिखल आड येत नाही, लसीकरणाचा पहिला क्रम फाल्गुनापर्यंत पुरा होतो, आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी त्याच्या अंगी पावसाळ्याला तोंड देण्याइतके बळ आलेले असते. याउलट ऐन आषाढात, मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, लस न टोचलेले पिलू आणणे हे त्या पिलाच्या जिवाशी खेळणे आहे.

घराची तयारी फार खर्चाची नाही, पण ती पिलू येण्यापूर्वी झाली पाहिजे. बाल्कनीच्या गजांतून त्याचे डोके जाते की नाही हे पाहावे, आणि जात असल्यास जाळी बसवावी. विजेच्या तारा, मोबाइलचे चार्जर, पायमोजे, औषधांच्या गोळ्या आणि फिनाईलची बाटली त्याच्या तोंडाच्या टप्प्यातून दूर करावी. लादी पुसण्याच्या फिनाईलचा अंश पंजांना लागतो आणि पंजे चाटण्यातून पोटात जातो, म्हणून लादी नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावी. निजण्याकरिता घरातील वर्दळीपासून थोडा बाजूचा परंतु माणसे दिसतील असा कोपरा, जुनी चादर, जड बुडाचे पाण्याचे भांडे, छातीभोवती बसणारा पट्टा आणि हाती धरावयाची दोरी एवढ्याने काम भागते. भरजरी गादी व खेळण्यांची पेटी यांचा उपयोग मुख्यतः छायाचित्रापुरता असतो. त्याच घरात पूर्वी एखादे पिलू पार्व्हो रोगाने दगावले असेल, तर मात्र विशेष जपावे. त्या रोगाचा विषाणू कित्येक महिने तग धरतो आणि साध्या साबणास दाद देत नाही. एका भागास तीस भाग पाणी या प्रमाणात विरंजक द्रव घेऊन सर्व पृष्ठभाग धुवावेत, जुनी भांडी-चादरी टाकाव्यात, आणि काही महिने लहान पिलू आणूच नये.

पिलू सकाळच्या वेळी आणावे, म्हणजे रात्र होईतो त्यास घराचा वास परिचित होतो. त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांस दर्शनाला बोलावण्याचा मोह टाळावा. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडणारच. आई आणि भावंडे यांच्या उबेतून ते प्रथमच एकटे पडलेले असते, आणि त्या रडण्याला हट्ट समजून त्यास बाल्कनीत कोंडणारे लोक त्याच्या मनात कायमची धास्ती बसवितात. आपल्या बिछान्याशेजारी त्याची चादर अंथरावी. आठवड्याभरात ते निवांत निजू लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळी त्यास न चुकता ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच शाबासकी द्यावी. घरात घाण केल्यास नाक घाणीत खुपसण्याची जी क्रूर चाल पुष्कळ घरांत आहे, तिच्यातून पिलू एवढेच शिकते की मालकाच्या देखत शौचास बसू नये. मग ते पलंगाखाली बसते. प्रौढ कुत्रा आणला असेल तर त्यास अधिक मुदत द्यावी. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात दबून राहील, मग हळूहळू घराचे नियम अजमावील, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याचा खरा स्वभाव प्रकट होईल. तोपर्यंत त्याच्या गुणदोषांचा निवाडा करू नये.

आहाराच्या बाबतीत आपल्याकडे ममता फार आणि विवेक थोडा. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा भूतदयेची परमावधी म्हणून आपण आदराने ऐकतो, आणि ती तशीच ऐकावी. परंतु पशुवैद्याच्या दृष्टीने पाहता पातेलीभर तूप आणि मटणाची चरबी यांमुळे कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येते, तेव्हा कथेतील भाव घ्यावा आणि तूप बेतानेच घालावे. काल्हेरसारख्या मासळी खाणाऱ्या गावात अधिक धोका काट्यांचा व हाडांचा आहे. शिजविलेले कोंबडीचे हाड भाल्यासारखे उभे फुटते आणि आतडे भेदते. बोंबील किंवा सुकट यांतील मीठ त्यास सोसत नाही. मासळी घालावयाची असल्यास मीठ-मसाल्यावाचून उकडून, काटे काढून, भातात कालवून घालावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषवत् आहेत. कांद्याने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणून कालवणाचा उरलेला रस्सा ‘वाया कशाला घालवावा’ या न्यायाने त्याच्यापुढे ओतू नये. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, ठराविक वेळी, बेताचे अन्न द्यावे; दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद करावे. स्वच्छ पाणी मात्र अष्टौप्रहर असावे.

लसीकरणाचा दस्तऐवज हा कुत्र्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद होय. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतदाह यांवरील संयुक्त लस सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा टोचावी लागते. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचावयाची आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती नित्य चालू ठेवावयाची. जंतांचे औषध आरंभी दर पंधरवड्यास व पुढे अधिक अंतराने द्यावे. हे सर्वत्रच लागू आहे. काल्हेरात मात्र लेप्टोस्पायरोसिसच्या लसीवर विशेष भर द्यावा, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ज्या गावात धान्यापासून कापडापर्यंत सर्व माल साठविणारी गोदामे आहेत, तेथे उंदीर-घुशींचे राज्य असणारच; त्यांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू पावसाच्या साचलेल्या पाण्यात उतरतात, कुत्रा ते पाणी पितो किंवा त्यातून चालतो, त्याची मूत्रपिंडे व यकृत बिघडते, आणि त्याच्या मूत्रातून तो रोग घरातील माणसांपर्यंतही पोहोचतो. ही लस दर वर्षी टोचावी लागते आणि ती पावसाळ्यापूर्वी टोचून घेतलेली बरी. पावसात फिरवून आणल्यावर पंजे व पोट साबणाने धुऊन कोरडे करावेत, आणि डबक्यातील पाण्यास त्यास तोंड लावू देऊ नये.

उंदरांचाच आणखी एक उपद्रव असा की, त्यांना मारण्यासाठी ठेवलेले विष कुत्र्याच्या पोटात जाते. अशा विषांपैकी काही रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात आणि त्यांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो. तोवर कुत्रा हसतखेळत असतो, आणि मग एकाएकी हिरड्यांतून अथवा नाकातून रक्त येऊ लागते. त्याने विष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता, विषाचे वेष्टन सोबत घेऊन, तत्काळ पशुवैद्याकडे जावे. वेळीच दिलेल्या के जीवनसत्त्वाने पुष्कळ कुत्री वाचतात. दोरीवाचून गोदामांच्या गल्लीत कुत्रे सोडू नये, याचे हे एक कारण आणि माघारी येणाऱ्या मालमोटारी हे दुसरे.

गोचिडांविषयी थोडेच सांगतो. कानांच्या आतील बाजूस, बोटांच्या बेचक्यांत व गळपट्ट्याखाली रोज हात फिरवून पाहावे. गोचिडांपासून होणाऱ्या तापात कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. कुत्र्याच्या अंगाचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून ते हातास गरम लागले एवढ्यावरून घाबरू नये, आणि माणसाची तापाची गोळी तर कदापि देऊ नये.

उन्हाळ्यात ज्या रस्त्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवत नाही, त्या रस्त्यावर कुत्र्यास अनवाणी चालविणे हा अत्याचार आहे. सकाळी आठच्या आत आणि सूर्यास्तानंतरच त्यास बाहेर न्यावे.

आता आवाजाविषयी. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाचे मन जे जे पाहते व ऐकते, ते ते जगाचा स्वाभाविक भाग म्हणून स्वीकारते. त्यानंतर नव्या गोष्टींची भीती वाटू लागते. मालमोटारींचे भोंगे, उद्वाहकाचे दार, गणपतीच्या आरतीतील टाळ, दुचाकीवरील शिरस्त्राणधारी मनुष्य, काठी घेऊन चालणारी आजी, या सर्वांची ओळख या काळात, कडेवर घेऊन व दुरून का होईना, करून द्यावी. लसीकरण अपुरे असेल तेव्हा जमिनीवर न उतरविता हे साधता येते. आगरी लग्नातील हळद मात्र या शिक्षणाच्या पलीकडची आहे. जेथे बेंजो आणि ध्वनिवर्धक मध्यरात्रीपर्यंत घुमतात, तेथे मनुष्याहून कितीतरी तीक्ष्ण कान असलेल्या प्राण्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. यजमानाशी भांडण्यात अर्थ नाही. उद्या हळद आपल्याही दारी असणार. त्या रात्री कुत्र्यास लवकर फिरवून आणावे, आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, घरातील एका माणसाने त्याच्याजवळ बसावे, आणि दार नीट बंद आहे याची रुजुवात करावी. फटाक्यांना व वाद्यांना भिऊन पळालेली कुत्री पुन्हा सापडणे कठीण. दिवाळीतही हीच तजवीज करावी.

गृहनिर्माण संस्थेशी संबंध हा स्वतंत्र अध्याय आहे. कुत्र्यावरून गावात रण माजणे ही काही आजची गोष्ट नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या फोर्टात बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी मंडळींनी एवढा दंगा केला की लष्कर बोलवावे लागले. सध्याची कायदेशीर स्थिती अशी की, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही संस्थेस, बहुमताचा ठराव करूनही, सभासदास कुत्रा पाळण्याची मनाई करता येत नाही, किंवा उद्वाहक वापरण्यास बंदी घालता येत नाही. परंतु हक्काचा कागद पुढे करण्यापूर्वी आपली वागणूक चोख असावी. जिन्यात झालेली घाण स्वतः उचलावी, उद्वाहकात लहान मूल किंवा वृद्ध असल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी, दोरी आखूड धरावी. पाळीव प्राण्यापासून माणसास धोका पोहोचू नये एवढी खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. तसेच १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने कुत्र्यास दीर्घकाळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे, हे बंगल्याच्या फाटकाशी ‘राखणीसाठी’ कुत्रा जखडून ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. सहा महिन्यांच्या पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने निर्बीजीकरण करून घेतल्यास भाद्रपदातील पुष्कळ कलह आणि दारोदार टाकल्या जाणाऱ्या पिलांचा प्रश्न, दोन्ही आपोआप आटोक्यात येतात.

रेबीजविषयी यत्किंचितही ढिलाई चालत नाही. रस्त्यावरून आणलेल्या, तीन महिन्यांहून लहान पिलास ही लस मिळालेली नसते, आणि खेळताना त्याचे दुधाचे दात मुलांच्या हातास लागतात. ‘पिलूच तर आहे’ म्हणून ती जखम दुर्लक्षिली जाते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी; मिरची, हळद, चुना असले काही लावू नये; आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पूर्वी पोटात चौदा सुया टोचत, त्या भीतीने आजही काही वृद्ध मंडळी दवाखान्यास टाळतात. ती लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता दंडात, सामान्यतः पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन, सात व अठ्ठावीस दिवसांनी अशा क्रमाने, सुया घ्याव्या लागतात. काल्हेरकरांस भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आणि खाडीपलीकडील कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही दोन्ही सरकारी ठिकाणे जवळ आहेत. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र त्यावर उपाय नाही.

पिलू आणण्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्याची भेट घेऊन त्याच्या वेळा विचारून ठेवाव्यात, आणि रात्री-अपरात्री कोठे धाव घ्यावयाची हेही ठरवून ठेवावे. गंभीर दुखण्यासाठी मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, जे एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांची शुश्रूषा करीत आले आहे, आणि महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय या मोठ्या संस्था आहेत. मात्र कशेळीचा पूल आणि माजिवड्याचा नाका यांवरील वाहतूक पाहता, तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार गावाजवळच मिळतील अशी तजवीज असणे इष्ट.

शेवटी एक प्रश्न, जो बहुतेक कुटुंबांस मे महिन्यात, गावी जाण्याची तिकिटे काढून झाल्यावर सुचतो: आपण पंधरा दिवस नसताना हा कोणाकडे राहील? कुत्रा सामान्यतः बारा-तेरा वर्षे जगतो. त्या अवधीत मुले शिकावयास जातात, भाड्याची घरे बदलतात, बदल्या होतात, घरात बाळ जन्मते, आणि यांपैकी प्रत्येक प्रसंगी काल्हेरच्या रस्त्यावर गळ्यात पट्टा असलेले एखादे बावरलेले कुत्रे दिसू लागते. गोदामाच्या दारातील कुत्र्यांनी ते जग जन्मापासून ओळखलेले असते; घरातून टाकलेल्यास ते अजिबात ठाऊक नसते. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या एका नातेवाइकाचे किंवा शेजाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीसह, हाती येईपर्यंत पिलू आणावयास जाऊ नये.